माळरानी पक्ष्यांच्या शिकारीची जुनी शॉटगन: किंमत कशी जोखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काहीजण आता ऑक्टोबर उजाडला की कुत्रा घेऊन साउथ डकोटाच्या मक्याच्या शेतांत किंवा मिनेसोटाच्या ॲस्पेनच्या रानात दिसू लागलेत. त्यांतले बरेचजण पहिली बंदूक नवी घेतात आणि दुसरी जुनी शोधतात. हे प्रश्न त्या दुसऱ्या बंदुकीबद्दलचे आहेत. उत्तरं अमेरिकेतल्या बाजाराची आहेत. भारतातल्या बंदुकांविषयी शेवटी थोडं लिहिलं आहे.

माळरानी पक्ष्यांची बंदूक इतर शॉटगनपेक्षा वेगळी कशी?

मुख्य फरक वजनाचा. बदकांच्या शिकारीत माणूस एका जागी बसतो, क्ले टार्गेटच्या मैदानावर थोडंसंच चालतो. फेझंट, ग्राउस, बॉबव्हाइट लावा, वुडकॉक यांच्यामागे मात्र दिवसभर पायपीट असते आणि पक्षी उठल्यावर बंदूक खांद्याला लावायला क्षणभरच मिळतो. म्हणून सहा ते सात पौंडांच्या आतबाहेरची, २६ किंवा २८ इंच नळीची, झटकन वर येणारी बंदूक लागते. नेवाडा-आयडाहोच्या कड्यांवर चकोरामागे धावणाऱ्यांना (हा पक्षी आपल्याच उपखंडातून तिकडे नेलेला आहे) सहा पौंडही जड वाटतात.

किमतीशी याचा थेट संबंध आहे. त्याच कंपनीची, त्याच वर्षाची, पण ३० इंच नळीची आणि आठ पौंडांची बंदूक बहुधा स्वस्त मिळते. ती बदकांसाठी बनवलेली होती. स्वस्त मिळाली म्हणून ती घेऊन ग्राउसच्या दाट झाडीत जाऊ नका.

एकाच मॉडेलला एक विक्रेता आठशे डॉलर सांगतो, दुसरा अडीच हजार. खरं कोणाचं?

बहुधा दोघांचंही. प्रत्येक जुन्या बंदुकीच्या दोन किमती असतात, आणि या पानावर काही लक्षात ठेवायचंच असेल तर एवढं ठेवा. एक किंमत संग्राहकाची. तो मूळ रंग, मूळ लाकूड, मूळ चोक (छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळपणा) आणि कारखान्याच्या नोंदीशी जुळणारे क्रमांक यांचे पैसे देतो. दुसरी किंमत शिकाऱ्याची. त्याला नळी शाबूत हवी, कुलूप (नळ्या बंद धरणारी यंत्रणा) घट्ट हवं, दस्ता अंगाला बसणारा हवा. रंग उडाला तरी त्याला चालतं.

नुकसान होतं ते एकाच प्रकारे: संग्राहकाची किंमत मोजून शिकाऱ्याची बंदूक घरी आणली की. जाहिरातीत 'पार्कर' (अमेरिकेतली सर्वांत मानाची जुनी दुनळी) एवढं नाव असतं, दर त्या नावाचा असतो, आणि हातात येते ती दस्ता कापलेली, पुन्हा रंगवलेली, चोक काढून टाकलेली पार्कर. बंदूक म्हणून ती उत्तम असू शकते. पण तिचा दर त्याच स्थितीतल्या कुठल्याही चांगल्या दुनळीइतकाच असायला हवा, फार तर नावापोटी थोडा जास्त.

उलटही खरं आहे. चार पैसे वाचवून शिकार करायची असेल, तर संग्राहकांनी नाकारलेल्या बंदुकांत सर्वांत चांगले सौदे मिळतात.

दुकानात दुनळी हातात आली. आधी काय बघायचं?

परवानगी विचारा, बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करा आणि पुढचा दस्ता म्हणजे फोरएंड काढा. आता बंदूक बंद ठेवून, बट (दस्त्याचं मागचं टोक) काखेत दाबून, नळ्या दोन्ही बाजूंना हलवून बघा. फोरएंड जागेवर असताना त्याचा दाब ढिलाई लपवतो, म्हणून तो आधी काढायचा. नळ्या हलल्या किंवा कट्ट असा बारीक आवाज आला, तर बिजागरीची पिन झिजलेली आहे. बंद बंदूक उजेडासमोर धरा: नळीचं मागचं तोंड आणि ॲक्शनची (नळ्या जिथे बसतात त्या धातूच्या मधल्या भागाची) भिंत यांच्यामध्ये प्रकाशाची रेघ दिसता कामा नये.

मग बंदूक उघडायची वरची कळ बघा. बहुतेक जुन्या अमेरिकन दुनळ्यांत नवेपणी ती मध्यरेषेच्या उजवीकडे थांबते. झीज होत जाते तशी ती मधे येते, मग डावीकडे सरकते. मधोमध असेल तर ठीक. डावीकडे गेली असेल तर भाव कमी करून मागायचा. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या: काही कारागीर कळ पुन्हा उजवीकडे आणतात, पण बिजागरीला हात लावत नाहीत. म्हणून कळीवर एकटीवर विश्वास नको, हलवून बघणं चुकवू नका.

त्यानंतर स्नॅप कॅप, म्हणजे खोटी काडतुसं. ती घालून दोन्ही चाप ओढा. सेफ्टी लावून चाप दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. त्या क्षणी घोडा पडला तर बंदूक तशीच परत द्या. एजेक्टर (रिकामी काडतुसं बाहेर फेकणारे भाग) असतील तर दोन्ही स्नॅप कॅप एकाच वेळी, सारख्या अंतरावर उडायला हव्यात. एक चाप ओढला तर फक्त त्याच बाजूचं काडतूस उडावं. जुन्या दुनळ्यांतल्या एकचापी यंत्रणांपासून जरा जपून, विशेषतः एल. सी. स्मिथ या जुन्या मेकवरची हंटर वन-ट्रिगर. ती दुरुस्त करणारे हात आता कमी उरलेत.

नळ्यांची परीक्षा कशी करायची?

नळ्या ॲक्शनपासून वेगळ्या करा. खालच्या लगाच्या (नळ्यांखालच्या अडकवायच्या उंचवट्याच्या) खाचेत बोट घालून त्या लोंबत्या धरा आणि लाकडाच्या तुकड्याने हलकेच टकटक करा. घंटेसारखा स्वच्छ, लांबत जाणारा नाद आला पाहिजे. खरखर किंवा बोदा आवाज आला तर कुठेतरी रिबचा (दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीचा) डाक सुटलाय. रिब पुन्हा बसवणं महाग असतं, आणि त्या उष्णतेने नळ्यांचा रंगही जातो.

आतून बघताना नळ्या खिडकीकडे धरून सावलीच्या रेषा बघा. जिथे पोचा असेल तिथे वर्तुळाकार सावली वाकते. पोचे बहुतेक वेळा काढता येतात आणि फार महाग पडत नाहीत. फुगवटा मात्र वाईट. गंजाचे खड्डे नळीच्या पुढच्या टोकाकडे असतील तर ते मुख्यतः दिसायला वाईट. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या मागच्या भागाच्या) लगेच पुढे, जिथे दाब सर्वाधिक असतो, तिथे असतील तर सौदा मोडा.

जाडी डोळ्यांनी कळत नाही. कोणीतरी गंज घासून आतून नळी मोठी केली असेल तर ती चकचकीत दिसेल आणि पातळ असेल. नळीची जाडी मोजायचं खास उपकरण चांगल्या गनस्मिथकडे असतं. इंचाच्या वीस सहस्रांशापेक्षा पातळ नळी बहुतेक जाणकार नाकारतात, आणि चेंबरजवळ याहून कितीतरी जास्त जाडी लागते. हजार डॉलरच्या वरची कोणतीही जुनी दुनळी या मोजमापाशिवाय घेऊ नये, असं माझं मत.

नळ्या कापल्या आहेत का, तेही बघा. दुनळीच्या दोन्ही नळ्यांची तोंडं पुढच्या टोकाला एकमेकींना जवळजवळ चिकटलेली असतात. मधे फट असेल आणि ती डाकाने किंवा धातूच्या तुकड्याने भरलेली असेल, तर नळ्या कापल्या आहेत आणि त्यांच्यासोबत चोकही गेला आहे. साडेचोवीस, सव्वासत्तावीस अशी विचित्र लांबी भरली तरी हाच संशय घ्यायचा.

दस्त्यात काय बघायचं?

भेगा. एल. सी. स्मिथमध्ये साइडलॉकच्या (बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेल्या यंत्रणेच्या) पट्ट्यांमागे लाकूड फार थोडं उरतं, आणि तिथे केसासारखी भेग सापडणं अगदी नेहमीचं आहे. ती छोटी असेल आणि आत तेल मुरलेलं नसेल तर चिकटवता येते. पण विक्रेत्याला ती दाखवून द्या, भाव उतरतो. ब्राउनिंगच्या अर्ध-स्वयंचलित ऑटो-५ मध्ये भेग फोरएंडवर शोधायची. आतल्या घर्षणाच्या कड्या काडतुसाच्या ताकदीप्रमाणे नीट लावल्या नाहीत की नळी मागे जोरात आदळते आणि फोरएंड फाटतो.

लांबी मोजा, चापापासून बटच्या मध्यापर्यंत. कारखान्याचा दस्ता साधारण १४ इंचांचा असतो. साडेतेरा भरला आणि बटप्लेट जागेवर नसली, तर कोणीतरी कापलाय. संग्राहकाच्या दृष्टीने इथेच मोठा फटका बसतो. पण आपल्यापैकी पुष्कळांची उंची आणि हात पाहता कापलेला दस्ताच नेमका बसतो. मग कापल्याची सूट घ्या आणि खुशीत घरी न्या.

पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या अमेरिकन बंदुकांचे दस्ते मागे फार खाली उतरतात, कधी तीन इंच. त्या काळी मान ताठ ठेवून नेम धरायची पद्धत होती. आजच्या माणसाने ती बंदूक खांद्याला लावली की गाल हवेत राहतो आणि छर्रे पक्ष्याच्या खालून जातात. कागदावर उत्कृष्ट दिसणारी बंदूक केवळ याच कारणाने वर्षानुवर्षं विकली जात नाही.

पुन्हा पॉलिश केलेली बंदूक ओळखायची कशी?

अक्षरांच्या कडा बघा. कारखान्याने ठोकलेली अक्षरं टोकदार असतात. बफिंगच्या चाकावर गेलेली अक्षरं साबणावर कोरल्यासारखी गुळगुळीत होतात. स्क्रूच्या भोकांभोवती खोलगटपणा येतो. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या असतील तर हात अनाडी होता. लाकूड धातूच्या कडेपेक्षा किंचित वर असायला हवं. ते खाली गेलं असेल तर दस्ता घासून पुन्हा पॉलिश झालाय. चेकरिंगचे (पकडीसाठी लाकडावर कोरलेल्या जाळीचे) हिरे सपाट झाले असतील आणि लाकूड मात्र नवंकोरं चमकत असेल, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे.

ॲक्शनवरचा केस कलर, म्हणजे निळा-तपकिरी-राखाडी ढगाळ रंग, हाताच्या घामाने आणि उन्हाने विरतो. तो खरा असेल तर कळीखाली, चापाच्या कडीच्या आत, फोरएंडखाली असा लपलेल्या जागी जास्त शिल्लक दिसेल. सगळीकडे सारखा ताजा असेल तर तो नवा आहे. नवा रंग चांगल्या कारागिराने केला असेल तर दिसायला सुरेख असतो, पण संग्राहकाच्या किमतीतला मोठा भाग, कित्येकदा निम्मा, तिथेच गळतो.

कोणत्या मेकच्या बंदुका बघाव्यात?

दुनळ्यांपासून सुरुवात करू. पार्कर ब्रदर्स, कनेटिकटमधल्या मेरिडनची, हे अमेरिकेतलं सर्वांत मानाचं नाव. १९३४ मध्ये रेमिंग्टनने ती विकत घेतली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उत्पादन थांबलं. साधी 'ट्रोजन', मग व्हीएच, जीएच, डीएच अशा चढत्या श्रेणी. दर्जा वाढतो तशी नक्षी आणि लाकूड वाढतं, यंत्र मुळात तेच असतं. शिकारीसाठी व्हीएचच्या वर जायची गरज नाही. १९८० च्या दशकात जपानमध्ये बनलेली 'पार्कर रिप्रॉडक्शन' ही वेगळी गोष्ट आहे. ती बनावट नाही, उत्तम बंदूक आहे, आणि नव्या पोलादाची असल्याने नळ्यांची चिंता कमी. दर मात्र तिच्या नावाने विचारा.

ए. एच. फॉक्स, फिलाडेल्फियाची, १९२९ मध्ये सॅव्हेजकडे गेली. हिची साधी श्रेणी 'स्टर्लिंगवर्थ'. सुटे भाग कमी, बिजागरी मजबूत, झीज झाली तरी कुलूप आपोआप घट्ट बसत राहतं. पहिली जुनी दुनळी घेणाऱ्याला मी डोळे मिटून स्टर्लिंगवर्थ सांगेन. म्हणजे डोळे उघडे ठेवून बघायला सांगेन, पण तीच सांगेन.

एल. सी. स्मिथ न्यूयॉर्क राज्यातल्या फुल्टनमध्ये हंटर आर्म्सने बनवली, १९४५ मध्ये मार्लिनने घेतली. अमेरिकेतली मोठ्या संख्येने बनलेली साइडलॉक हीच, आणि दिसायला देखणी. दस्त्याच्या भेगांचं वर आलंच आहे. विंचेस्टर मॉडेल २१ (१९३१) ही ताकदीला सर्वांत दणकट, पण जडही, आणि दर शिकाऱ्याच्या आवाक्याबाहेरचा.

वरखाली नळ्यांच्या बंदुकांत ब्राउनिंग सुपरपोज्ड, बेल्जियममध्ये एफएन या कारखान्याने बनवलेली, १९३१ पासूनची. ही घेताना एक खास तपासणी आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७० च्या सुरुवातीला ब्राउनिंगने अक्रोडाचं लाकूड लवकर सुकवायला मीठ वापरलं. त्या मिठाने पुढे लाकडाला टेकलेलं पोलाद आतून खाल्लं. बटप्लेटचे स्क्रू काढून बघा. ते गंजलेले असतील, किंवा लाकूड-धातूच्या सांध्यावर तांबूस रेघ असेल, तर सावध व्हा. बटप्लेटखालच्या लाकडावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला आणि तो पांढरा झाला तर मीठ आहे. दस्ता बदलून गंज काढलेली बंदूक वापरायला चांगली असते, पण मूळ किमतीत धरायची नाही.

जपानच्या मिरोकूने १९७३ पासून बनवलेल्या सिटोरीत ही कटकट नाही. संग्राहकांना तिचं वेड नाही, म्हणून तिचा दर सरळ असतो. ज्याला इतिहासात रस नाही आणि फक्त पक्षी मारायचे आहेत त्याने जुनी सिटोरी घ्यावी आणि हे पान इथेच बंद करावं.

एकनळीत विंचेस्टर मॉडेल १२ (१९१२ ते १९६४), इथाका ३७ (१९३७ पासून) आणि रेमिंग्टन ८७० (१९५० पासून). इथाका खालून रिकामं काडतूस टाकते, त्यामुळे डावखुऱ्यांची लाडकी. तिच्यासोबत दुसरी नळी घ्यायचा विचार असेल तर बंदुकीचा क्रमांक ८,५५,००० च्या पुढचा आहे ना ते बघा. त्याआधीच्या नळ्या कारागिराशिवाय बदलत नाहीत. ८७० इतक्या बनल्यात की दुर्मिळतेचे पैसे कोणी मागितले तर हसून पुढे चला. अर्ध-स्वयंचलितांत बेल्जियन ऑटो-५, आणि तिच्यात १६ गेजची 'स्वीट सिक्स्टीन'. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर ऑटो-५ जपानमध्ये बनू लागल्या. त्या कामाला कमी नाहीत, पण बाजारात बेल्जियमच्या शिक्क्याला भाव जास्त.

गेजमुळे एवढा फरक का पडतो?

कारण लहान गेजच्या जुन्या बंदुका कमी बनल्या. गेज म्हणजे नळीच्या व्यासाच्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात तो आकडा; म्हणून आकडा मोठा तितकी नळी बारीक. अमेरिकेतल्या जुन्या दुनळ्यांत बारा गेज सर्वांत जास्त. त्याच श्रेणीची, त्याच स्थितीची २० गेज पार्कर बाराच्या दीडपट-दुपटीने, आणि २८ गेज कित्येक पटींनी महाग असू शकते.

१६ गेज हा मात्र हुशार माणसाचा गेज आहे. हलकी बंदूक, पुरेसे छर्रे, आणि दर बहुधा वीसपेक्षा कमी. अडचण एकच: खेड्यातल्या दुकानात काडतुसं मिळतीलच असं नाही, आधी मागवून ठेवावी लागतात.

चेंबरची लांबी मोजणं खरंच गरजेचं आहे का?

हो, आणि हा प्रश्न किमतीपेक्षा जिवाचा आहे. आजचं प्रमाणित काडतूस पावणेतीन इंचांचं, म्हणजे ७० मिलिमीटर. जुन्या बाराच्या बंदुकांत चेंबर अनेकदा अडीच किंवा दोन-पूर्णांक-पाच-अष्टमांश इंच असतं, जुन्या १६ मध्ये ६५ मिलिमीटर. गंमत अशी की काडतुसावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची असते. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, आणि उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा नसते. दाब वाढतो.

चेंबर गेज स्वस्त मिळतो. आखूड चेंबर हा दोष नव्हे. तशी कमी दाबाची काडतुसं मिळतात. आखूड चेंबर कोणी कोरून लांब केलं असेल तर ते मात्र विचारून घ्या: तिथलीच नळी पातळ होते, आणि मूळपणाही जातो.

डमास्कस नळ्यांची बंदूक घ्यावी का?

लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून बनवलेल्या या नळ्यांवर सुंदर वेलबुट्टी दिसते. काळ्या बारुदीच्या काळातल्या त्या. आधुनिक नायट्रो (धूररहित बारुदीचं) काडतूस त्यांत घालू नये, हा सरसकट नियम नवख्याने पाळावा. इंग्लंडमध्ये नायट्रो प्रूफ (जास्त दाबाची चाचणी होऊन शिक्का) झालेल्या डमास्कस नळ्या आहेत आणि जाणकार त्या वापरतात, पण ते जाडी मोजून, काडतूस निवडून. भिंतीवर लावायची असेल तर भिंतीवरच्या वस्तूचा दर द्या.

जुना फुल चोक आणि स्टीलचे छर्रे?

जमत नाही. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिसं बंद आहे. माळरानी पक्ष्यांसाठी बहुतेक ठिकाणी चालतं, पण काही सरकारी जमिनींवर नाही, आणि कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीत नाही. स्टील कठीण, जुन्या घट्ट चोकला ते फुगवू शकतं. बेल्जियन ऑटो-५ च्या जुन्या नळ्यांत आणि सुपरपोज्डमध्ये स्टील वापरू नका, असं ब्राउनिंग स्वतःच सांगते. बिस्मथ या मऊ धातूचे छर्रे हा पर्याय आहे, पण महाग.

म्हणून बंदूक घेण्याआधी आपण शिकार कुठे करणार ते ठरवा. कॅलिफोर्नियातल्या माणसाने जुन्या बंदुकीच्या दरात वर्षभराच्या बिस्मथचा खर्च मनात मिळवावा.

पॉलीचोक, रबरी पॅड, नंतर बसवलेले चोक ट्यूब: किती कापायचं?

नळीच्या टोकाला गोळ्यासारखा पॉलीचोक किंवा कट्स कॉम्पेन्सेटर दिसला तर संग्राहकाची किंमत जवळजवळ संपली. एकनळीच्या बंदुकीला तसा तो उपयोगी पडतो, म्हणून शिकाऱ्याची किंमत फारशी हलत नाही. रबरी पॅडसाठी दस्ता कापलाय की नुसता जोडलाय ते बघा. चोक ट्यूब बसवताना नळी आतून कापतात. एकनळीत ठीक, जुन्या पातळ दुनळीत मला मुळीच आवडत नाही.

नळीखालचे शिक्के काय सांगतात?

अमेरिकेत सरकारी प्रूफ हाउस नाही, युरोपात आहेत. अंडाकृती चौकटीत ईएलजी म्हणजे बेल्जियममधलं लिएज. लंडन, बर्मिंगहॅम, स्पेनचं एबार, इटलीचं गार्दोने यांचे शिक्के वेगळे. इंग्लिश बंदुकीवर प्रूफच्या वेळचा नळीचा व्यास ठोकलेला असतो. आज मोजून तो बराच मोठा भरला, तर कोणीतरी आतून नळी कोरली आहे आणि बंदूक प्रूफबाहेर गेली.

रिबवर इंग्रजी वाटावं असं भारदस्त नाव आणि खाली लिएजचा शिक्का असेल, तर ते बहुतेक दुकानाचं किंवा व्यापारी नाव. शंभर वर्षांपूर्वी अशा बेल्जियन बंदुका अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानांतून ढिगाने विकल्या गेल्या.

कारखान्याचं पत्र मागवावं का?

महाग बंदुकीसाठी नक्की. वायोमिंगमधल्या कोडी इथल्या बफेलो बिल सेंटरच्या बंदूक संग्रहालयात विंचेस्टर, मार्लिन आणि एल. सी. स्मिथच्या नोंदी आहेत. पार्करसाठी संग्राहकांची संघटना पत्र देते. मूळ नळीची लांबी, गेज, दस्त्याचं माप त्यात मिळू शकतं. पत्राशी बंदूक जुळली तर दर वाढतो. जुळली नाही तर पत्राचे पैसे वसूल झाले.

मालकाच्या नावाची कहाणी मात्र कागदाशिवाय शून्य किमतीची. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ मध्ये आफ्रिकेत नेलेली फॉक्स २०१० मध्ये लिलावात ८,६२,५०० डॉलरला गेली, कारण तिच्यामागे पुरावे होते. 'आजोबांना सिनेटरने दिली' ही गोष्ट ऐकायला छान असते, तेवढंच.

चालू दर कुठे बघायचा?

मागितलेला दर बघू नका, विकला गेलेला बघा. ऑनलाइन लिलावांच्या ठिकाणी संपलेले सौदे शोधता येतात. तीच श्रेणी, तोच गेज, तीच नळीची लांबी, तशीच स्थिती असे चार-पाच सौदे काढा आणि सर्वांत वरचा व सर्वांत खालचा सोडून द्या. मोठ्या लिलावघरांच्या आकड्यांत खरेदीदाराचं कमिशन धरलंय की नाही ते तपासा, फरक मोठा पडतो. छापील दरपुस्तिका श्रेणी समजून घ्यायला चांगल्या, पण दुर्मिळ गेजच्या बाबतीत त्यांवर विसंबू नका.

हंगामही बघा. ऑगस्ट-सप्टेंबरात सगळेच बंदूक शोधत असतात. जानेवारी-फेब्रुवारीत दुकानदार ऐकून घेतो.

दुरुस्तीचा खर्च किती धरायचा?

ढोबळमानाने: चोक उघडणं किंवा पोचा काढणं किरकोळ, शंभर डॉलरच्या आसपासचं काम. ढिली बिजागरी नीट घट्ट करणं काही शे डॉलर. रिब पुन्हा बसवून नळ्या रंगवणं त्याहून बरंच जास्त, आणि नवा दस्ता हजारांत. चांगले कारागीर महिनोन्महिने, कधी वर्षभर थांबवतात. स्टर्लिंगवर्थला नवा दस्ता घालाल तर दोन्ही मिळून झालेला खर्च विकताना कधीच परत येणार नाही.

मी एच-१बी वर आहे. मला घेता येते का?

बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, पण अपवाद आहेत. त्यांतला नेहमीचा म्हणजे कोणत्याही राज्याने दिलेला वैध शिकारी परवाना. तो जवळ असला तर दुकानात फॉर्म ४४७३ भरून, पार्श्वभूमी तपासणी होऊन खरेदी करता येते. परवाना संपला की अपवादही संपतो, हे लोक विसरतात. घरात बंदूक आणि खिशात मुदत संपलेला परवाना ही स्थिती येऊ देऊ नका. गुन्हा गंभीर आहे आणि ग्रीन कार्डाच्या अर्जावर पाणी पडेल. ग्रीन कार्डधारकांना हा अडथळा नाही. इलिनॉय, न्यूजर्सीसारख्या राज्यांत आधी वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. शंका असेल तर आधी वकील, मग दुकान.

दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून घेतलेली बंदूक तुमच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फतच यायला हवी. टपालाने मागवलेल्या जुन्या बंदुकीला साधारण तीन दिवसांची तपासणीची मुदत देण्याची रीत आहे. पैसे पाठवण्याआधी ती लेखी घ्या. त्या मुदतीत बहुतेक वेळा बंदूक झाडायची नसते.

बंदुकीवर क्रमांकच नाही. चोरीची असेल का?

तसंच नाही. क्रमांक सक्तीचे झाले ते १९६८ च्या कायद्याने. त्याआधीच्या पुष्कळ स्वस्त बंदुकांवर तो नसतो. पण क्रमांक घासून काढल्याच्या खुणा दिसल्या तर हातातली बंदूक खाली ठेवा आणि बाहेर पडा. चांगल्या दुनळ्यांवर क्रमांक तीन ठिकाणी असतो, ॲक्शनवर, नळ्यांवर आणि फोरएंडच्या लोखंडावर. तिन्ही जुळायला हवेत.

गावाकडच्या वाड्यात आजोबांची बारा बोअरची दुनळी आहे. ती इकडे मोलाची ठरेल का?

नावावर अवलंबून. भारतातल्या जुन्या बंदुकांवर कोलकात्याच्या मँटन, रॉडा, लायन अँड लायन अशा दुकानांची नावं दिसतात. पुष्कळदा बंदूक बर्मिंगहॅम किंवा लिएजमध्ये बनलेली असते आणि नाव विक्रेत्याचं. म्हणून नळीखालचे शिक्के बघा. पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडची संस्थानी बंदूक असेल तर गोष्ट निराळी, पण अशा बंदुका सहसा वाड्याच्या माळ्यावर विसरलेल्या नसतात. आपल्याकडचा दमट पावसाळा आणि वर्षानुवर्षं न पुसलेली नळी यांमुळे चेंबरपुढे खड्डे पडलेले असण्याची शक्यता फार.

विकण्याआधी कायदा. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ती परवान्यावर असली पाहिजे, आणि परवानाधारक वारला असेल तर वारसांनी ती घरात न ठेवता पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पुढचा अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिकडे शिकारीला वाव नाही, त्यामुळे भारतातला दर अमेरिकेतल्या दराशी ताडून बघण्यात अर्थ नाही. अमेरिकेतली बंदूक सामानात घालून गावी नेणं किंवा तिकडची इकडे आणणं हे दोन्ही देशांच्या परवान्यांशिवाय होत नाही, आणि सामान्य बेल्जियन दुनळीसाठी त्या खटपटीचा खर्च बंदुकीच्या किमतीपेक्षा जास्त येतो.